सहावी ते आठवीच्या मुलांसाठी भावनिक कौशल्यांची कार्यशाळा: एका पालकाचा अभिप्राय

पुण्यातील एका समुपदेशन केंद्रातर्फे सहावी, सातवी आणि आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी मैत्री, भांडणे, चिडवाचिडवी आणि एकटेपणा या विषयांवर गटकार्यशाळा घेतली जाते. मुलांसाठी दर शनिवारी दीड तासाचे एक अशी आठ सत्रे, पालकांसाठी स्वतंत्र तीन सत्रे आणि शेवटी प्रत्येक कुटुंबाशी अर्ध्या तासाची भेट असे तिचे स्वरूप असून एकूण शुल्क सहा हजार रुपये आहे. माझी मुलगी सातवीत असताना आम्ही तीत भाग घेतला. केंद्राचे नाव येथे मुद्दामच देत नाही; गट जेमतेम दहा-बारा मुलांचा असल्यामुळे नाव दिले तर त्यातील इतर मुलांची ओळख पटणे अवघड नाही, आणि तिथे बोललेले तिथेच राहील असा शब्द आम्ही पालकांनीही दिलेला आहे. तरीही या प्रकारच्या कार्यशाळा आता ठिकठिकाणी होत असल्याने, प्रवेश घेताना काय पाहावे आणि कशाची अपेक्षा ठेवू नये, याची कल्पना इतर पालकांना यावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. आमचे पैसे वसूल झाले ते प्रामुख्याने पालकांच्या सत्रांमुळे. मुलांची सत्रे चांगली होती, मोबाइलविषयीचे सत्र अगदीच कच्चे होते, आणि शाळेशी बोलण्याची वेळ आली तेव्हा केंद्राने हात वर केले.

मुळात याच वयासाठी वेगळी कार्यशाळा कशाला, हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांनी विचारलाच होता. आपल्याकडे चौथीपर्यंत एक शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल ही व्यवस्था कित्येक पिढ्या चालत आली आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला उच्च प्राथमिक ठरवले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ११ ते १४ या वयाचा स्वतंत्र टप्पाच मानला. कागदावरची रचना कशीही असो, मुलाच्या दृष्टीने याच काळात एकाच बाईंचा वर्ग संपतो, दर तासाला नवे शिक्षक येतात, तुकड्या बदलतात आणि जुने मित्र दुसऱ्या वर्गात जातात. त्यातच शरीर बदलू लागते, आणि तेही सर्वांचे एकदम बदलत नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींपैकी एकीची पाळी पाचवीतच सुरू झालेली असते, तर दुसरीची आठवी उजाडली तरी सुरू झालेली नसते. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली असे मांडले होते की या वयातील मुलांना आपल्याभोवती सतत एक प्रेक्षकवर्ग असल्यासारखे वाटते आणि आपल्या प्रत्येक चुकीकडे सगळ्यांचे लक्ष आहे अशी त्यांची खात्री असते. कपाळावर एक मुरूम आला म्हणून शाळेला दांडी मारू पाहणाऱ्या मुलाला ‘कोण बघतंय तुझ्याकडे?’ असे विचारून काहीच का साधत नाही, हे त्यावरून लक्षात येते.

पालकांच्या पहिल्या सत्रात हे सर्व सांगून झाल्यावर मार्गदर्शक ताईंनी फळ्यावर एकच वाक्य लिहिले: ‘आई, आज माझ्याशी कुणीच बोललं नाही.’ त्यानंतर, मूल घरी येऊन असे म्हणाले तर आपल्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न घालता लिहायचे होते. चिठ्ठ्या वाचल्या गेल्या तेव्हा सभागृहात आधी हशा आणि मग बऱ्यापैकी शांतता पसरली. ‘तूच काहीतरी बोलली असशील.’ ‘जाऊ दे, दुर्लक्ष कर.’ ‘उद्या मी बाईंना फोन करते.’ ‘अभ्यासाकडे लक्ष दे, मैत्रिणी काय, येतात नि जातात.’ एका चिठ्ठीवर नुसतेच ‘हात-पाय धुऊन घे आधी’ असे होते. ताईंनी एकाही उत्तराला चूक म्हटले नाही. त्यांनी फक्त विचारले की या वाक्यानंतर मूल पुढे काय बोलेल. बहुतेक चिठ्ठ्यांच्या बाबतीत उत्तर ‘काहीच नाही’ असे निघाले. आरोप, सांत्वन, उपाय आणि उपदेश या चारही गोष्टी परस्परांपासून कितीही वेगळ्या वाटल्या तरी मुलाचे बोलणे तिथल्या तिथे थांबवण्याचे काम त्या सारख्याच तत्परतेने करतात, हे यातून जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही भाषणातून झाले नसते.

त्यावर दिलेला उपाय साधा आहे: मूल सांगू लागले की आधी पूर्ण ऐकायचे, मग विचारायचे, ‘तुला नुसतं सांगायचंय, की आपण मिळून काही शोधू या?’ वाचायला सोपे, करायला कर्मकठीण. जोड्या लावून तीन मिनिटे फक्त ऐकण्याचा सराव घेतला गेला तेव्हा माझ्या शेजारच्या जोडीतील एक वडील दुसऱ्या मिनिटालाच ‘असं करा ना’ म्हणत सल्ल्यावर आले. तेही स्वतः हसले. पण घरी आल्यावर हा प्रश्न उपयोगी पडला, कारण आमच्या मुलीचे उत्तर बहुतेक वेळा ‘नुसतं सांगायचंय’ हेच असते, आणि ते एकदा कळल्यावर फोन हातात घेऊन कुणाच्या तरी आईला गाठण्याची निकड आपोआप ओसरते.

दुसरे सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. मुलांमधील प्रत्येक कुरबुर म्हणजे छळ नव्हे आणि प्रत्येक छळ म्हणजे ‘मुलं आहेत, चालायचंच’ नव्हे, हे ठरवायचे कसे, यावर ते होते. त्यासाठी डान ओल्वेयस यांची कसोटी वापरली गेली. नॉर्वेमध्ये शाळांतील छळावर आयुष्यभर काम केलेल्या या संशोधकाने तीन खुणा सांगितल्या आहेत: त्रास हेतुपुरस्सर दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि देणाऱ्याचे बळ सोसणाऱ्यापेक्षा अधिक असते, मग ते बळ अंगातले असो, संख्येचे असो की वर्गातील वजनाचे. या कसोटीवर तीन प्रसंग घासून पाहायचे होते. डबा खाताना दोन मैत्रिणींचे भांडण होऊन त्यांनी कट्टी घेतली, हा पहिला. एका मुलीने वाढदिवसाला गटातल्या सगळ्यांना बोलावले आणि एकीलाच वगळले, हा दुसरा. चार मुले रोज एकाच मुलाची पाण्याची बाटली लपवतात आणि तो शोधत फिरला की हसतात, हा तिसरा.

पहिल्यात मोठ्यांनी पडायचेच नाही, याबद्दल फारसे दुमत नव्हते. तिसऱ्यात मुलाला ‘तू खंबीर हो’ असे सांगून भागत नाही, वर्गशिक्षकांपर्यंत जायलाच हवे, हेही बहुतेकांनी मान्य केले. काही वडिलांनी मात्र ‘एक ठेवून दे म्हणावं’ हा पक्ष शेवटपर्यंत सोडला नाही. खरी चर्चा झाली ती दुसऱ्या प्रसंगावर. तो छळाच्या व्याख्येत बसत नाही, वाढदिवस कुणाचा आणि बोलवायचे कुणाला हा यजमानाचा अधिकार आहे, पण दुखते मात्र भरपूर. २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात संगणकावरच्या चेंडूच्या साध्या खेळातून एखाद्याला वगळले असता शारीरिक वेदनेशी निगडित असलेल्या मेंदूच्या एका भागातील हालचाल वाढलेली दिसली. हा दाखला देऊन ताई म्हणाल्या की अशा प्रसंगी त्या मुलीच्या आईला फोन करून आमंत्रण मिळवणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण तसे मिळालेले आमंत्रण पूर्ण वर्गाला कळते. त्याऐवजी त्या संध्याकाळी मुलीला वाईट वाटू द्यावे, तिच्याजवळ बसावे आणि वर्गाबाहेरची एखादी मैत्री, मग ती सोसायटीतली असो, खो-खोच्या मैदानावरची असो की चुलत-मावस भावंडांतली, वर्षभर जपून ठेवावी. एकाच गटावर मुलाचे सर्व अवलंबून असणे हाच मोठा धोका आहे, हा विचार मला पटला आणि पुढे घरातले काही निर्णय आम्ही त्यानुसार घेतले. शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी मैदान बंद करण्याचा बेत त्यातलाच एक, तो आम्ही सोडून दिला.

मुलांच्या सत्रांत पालकांना प्रवेश नसतो, आणि ते योग्यच आहे. समारोपाच्या दिवशी मात्र मुलांनी केलेले काही छोटे नाट्यप्रवेश आम्हाला दाखवले गेले. त्यातला एक सविस्तर सांगण्याजोगा आहे. मधल्या सुट्टीत चार मुली गोल करून डबा खात आहेत आणि पाचवी डबा हातात घेऊन उभी आहे, असा प्रसंग होता. पहिल्यांदा ती मुलगी गोलापासून दोन पावले लांब थांबते, खाली बघते आणि कुणी बोलावण्याची वाट पाहते. कुणीच बोलावत नाही. दुसऱ्यांदा ती थेट मधे घुसते आणि ‘मला का नाही बोलावलं?’ असे विचारते. चौघी एकमेकींकडे बघतात. तिसऱ्यांदा ती गोलाच्या कडेला येऊन, ज्या मुलीशी तिचे त्यातल्या त्यात बरे आहे तिच्याकडे बघून, ‘सरक ना थोडी, आज आईने मेथीचे ठेपले दिलेत’ असे म्हणते आणि बसते. चौथ्यांदा हेच करूनही त्या सरकत नाहीत, तेव्हा ती ‘बरं’ म्हणून वळते आणि खिडकीपाशी एकट्या बसलेल्या दुसऱ्या मुलीकडे जाते. या चौथ्या प्रवेशासाठी मी कार्यशाळेला पैकीच्या पैकी गुण देईन. युक्ती केली की यश मिळालेच, असे गोड चित्र रंगवणे सोपे होते. नकार मिळाला तर पाय कुठे वळवायचे, याचाही सराव इथे करून घेतला गेला.

मुलांना विचार तपासून पाहण्याची जी पद्धत शिकवली जाते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारावर आधारलेली आहे. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली, त्यामुळे मराठी समुपदेशकांमध्ये ती चांगली परिचित आहे. घटना, तिच्याविषयीची आपली धारणा आणि त्यातून येणारी भावना या तीन गोष्टी वेगळ्या करायच्या. ‘सगळ्यांनी मला गटात घेतलेच पाहिजे’ ही मागणी आणि ‘घेतले तर मला आवडेल’ ही इच्छा यांत फरक करायचा, हे अकरा-बारा वर्षांच्या मुलांना समजते, आणि आमच्या मुलीने ते घरात आमच्यावरही वापरून दाखवले. येथे माझा एक आक्षेप आहे. ज्या मुलाचा खरोखरच छळ होत आहे त्याला आपली धारणा तपासायला सांगणे म्हणजे दोष त्याच्याच डोक्यात असल्याचे सुचवणे होय. पालकांच्या सत्रात छळ आणि भांडण यांतला फरक इतक्या काळजीने उलगडणाऱ्या केंद्राने मुलांच्या पुस्तिकेत मात्र दोन्हींसाठी एकच तक्ता छापला आहे. तो बदलायला हवा, असे मी त्यांना लेखी कळवले असून पुढील आवृत्तीत दुरुस्ती करण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

मुलग्यांच्या वाट्याला आलेला भाग तोकडा होता. मुलींचे गट, रुसवे आणि वगळणे यांवर इतका वेळ गेला की मुलग्यांचे प्रश्न जणू चिडवण्यापुरतेच असतात असे वाटावे. उंची न वाढलेला मुलगा, आवाज फुटू लागल्यामुळे वर्गात वाचायला उभा न राहणारा मुलगा, क्रिकेटच्या टीममध्ये नेहमी सर्वांत शेवटी निवडला जाणारा मुलगा, आणि पाडलेल्या टोपणनावावर इतरांबरोबर स्वतःही हसत राहणारा मुलगा, यांच्याविषयी कोण बोलणार? त्यासाठी गटात एखादा पुरुष मार्गदर्शक असता तर फरक पडला असता. अर्थात पालकांच्या सत्रांनाही आयांच्या तुलनेत वडील अगदी थोडे होते, तेव्हा दोष एकट्या केंद्राचा नाही.

मोबाइलविषयीच्या सत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ‘स्क्रीन कमी करा’ हे ऐकण्यासाठी कुणी शुल्क भरत नाही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींची किमान वयोमर्यादा १३ वर्षे आहे, तरीही सहावीच्या वर्गांचे गट सर्रास चालतात, ही वस्तुस्थिती तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. हवे होते ते पुढचे. एखादीला वगळून त्याच मैत्रिणींनी नवा गट काढला, तिच्या फोटोचे स्टिकर करून फिरवले किंवा तिचा खासगी संदेश स्क्रीनशॉट काढून सगळ्यांना दाखवला, तर आधी काय जपून ठेवायचे आणि कोणाकडे जायचे, हे सांगितलेच गेले नाही. पालकांनी विचारल्यावर ‘संवाद ठेवा’ एवढेच उत्तर मिळाले. याला जोडूनच आणखी एक तक्रार: समारोपाचे फोटो केंद्राने आपल्या इन्स्टाग्राम पानावर टाकले आणि त्यांत मुलांचे चेहरे ओळखू येत होते. प्रवेशअर्जात बारीक अक्षरांत तशी संमती घेतलेली होती, हे खरे. पण गोपनीयतेचा शब्द घेणाऱ्या संस्थेने स्वतः तरी तो पाळावा. आम्ही सांगितल्यावर फोटो त्याच दिवशी काढण्यात आले.

सर्वांत मोठी उणीव शाळेसंबंधी आहे. मुलांच्या आयुष्यातला हा सगळा व्यवहार वर्गात, मधल्या सुट्टीत आणि व्हॅनमध्ये घडतो, आणि कार्यशाळा मात्र शनिवारी संध्याकाळी एका वातानुकूलित खोलीत. गटातील एका पालकांनी शाळेसाठी पत्र किंवा किमान वर्गशिक्षकांशी एक फोन मागितला, तेव्हा ‘ते आमच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर मिळाले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या असून शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे शाळेत कुणीतरी असायला हवे आणि बाहेरच्या केंद्राने त्या व्यक्तीशी बोलायलाही हवे. पालकांनी हा दुवा स्वतःच जोडायचा, तर ‘बघा, आमच्या मुलाला बाहेर समुपदेशन चालू आहे’ हे शाळेत सांगण्याचा संकोचही त्यांनीच पत्करायचा.

वेळेबद्दलही एक शब्द. प्राथमिकच्या चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला, पण तो पाचवीच्या पुढच्यांना लागू नाही. सकाळच्या सत्राची मुले साडेपाचला उठतात. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता त्यांपैकी निम्मी जांभया देत बसलेली असणार, आणि तशी ती असत, असे मुलीने सांगितले. रविवार सकाळची तुकडी निघाली तर तीच निवडावी.

ही कार्यशाळा कुणासाठी आहे? ज्या मुलांना मैत्री जुळवणे वा टिकवणे जड जाते, जी नव्या शाळेत किंवा नव्या तुकडीत आली आहेत, आणि ज्यांचे पालक तिन्ही सत्रांना बसायला तयार आहेत, त्यांच्यासाठी मी ती निःसंकोच सुचवीन. मुलाला सोडून बाहेर गाडीत मोबाइल बघत बसायचे असेल तर सहा हजार रुपये वाचवावेत. ज्या मुलाची झोप-भूक कित्येक आठवडे बिघडली आहे, ज्याने शाळेत जाणेच थांबवले आहे, जे स्वतःला इजा करते किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलते, त्याच्यासाठी गटकार्यशाळा पुरेशी नाही. त्याला थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. मुलाला मारहाण किंवा लैंगिक त्रास होत असल्याचा संशय असेल तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. लैंगिक त्रासाची बाब कळूनही पोलिसांपासून दडवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे ‘आपापसात मिटवू’ असे सुचवणाऱ्या कोणत्याही संस्थेपासून दूर राहावे. आमच्या केंद्राने ही सीमारेषा पहिल्याच दिवशी स्पष्ट केली होती आणि प्रवेशापूर्वीच्या मुलाखतीत एका कुटुंबाला तज्ज्ञांकडे पाठवले होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

अन्यत्र प्रवेश घेणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मार्गदर्शकांची मानसशास्त्रातील पदवी कोणती आहे, एका गटात किती मुले असतात, आणि गरज पडली तर ते शाळेशी बोलतील का. मराठी माध्यमाच्या मुलांनी पुस्तिकेची भाषाही तपासावी. आमच्याकडे सत्रे मराठीत झाली, पण शेवटचा अहवाल इंग्रजीत आला आणि तो आजीला वाचून दाखवताना मुलीलाच भाषांतर करावे लागले. प्रत्येक तुकडीत दोन जागा निम्म्या शुल्कात दिल्या जातात, मात्र माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नसल्यामुळे फोन करून विचारावे लागते.